पात्राचा दोष की कथानकाचा?

दिवाळीच्या अंकात कचेरीच्या गोष्टी काढू नयेत, हा संकेत मला ठाऊक आहे. अभ्यंगस्नान आटोपले आहे, फराळाचे ताट पुढे आले आहे, घरातला कर्ता माणूस चार दिवस घरी आहे. अशा वेळी त्याला फायलींची आठवण करून देणे हे रसभंगाचेच कृत्य होय. तथापि गेली काही वर्षे मी असे पाहतो आहे की, दिवाळीची सुटी कचेरीला असते, मनाला नसते. गेल्या नरकचतुर्दशीला आमच्या शेजारच्या घरातला तरुण उटणे लावून पाटावर बसला होता. तेवढ्यात फोन वाजला. तो तसाच उठला, तेलकट हाताने फोन धरून गॅलरीत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या आईने काढलेले पाणी निवून गेले होते. ती माउली मुलाला काही बोलली नाही. तिने पुन्हा पाणी तापत ठेवले आणि मला म्हणाली, “त्याचं कामच तसं आहे हो, भाऊ!”

याच मुलाविषयी त्याच्या कचेरीत काय बोलले जात असेल, याची मला साधारण कल्पना आहे. तिथे म्हणत असतील, “मुलगा हुशार आहे, पण ताण घेतो. स्वभावच तसा आहे त्याचा.” आई कामाला बोल लावते, कचेरी स्वभावाला. माणूस कामाने आजारी पडतो की स्वभावाने, हा या दोन वाक्यांमधला वाद आहे आणि तो आजचा नाही. जगातल्या काही उत्तम कथा या वादावरच उभ्या आहेत. त्या आपण वाचतो, पाहतो, त्यांतल्या माणसांवर प्रेमही करतो. परंतु त्या आपण नीट वाचतो का, याविषयी मला अलीकडे शंका येऊ लागली आहे. ती शंका वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मराठी वाचकाला कारकून परका नाही. ‘असा मी असामी’तले धोंडो भिकाजी जोशी आपण केव्हाच घरचे मानले आहेत. पु. ल. देशपांड्यांनी त्या गृहस्थाकडे इतक्या मायेने पाहिले की, त्याला हसताना आपण स्वतःलाच हसतो आहोत, हे आपल्याला उमगते आणि तरीही राग येत नाही. ही देणगी थोर आहे. पण तिच्यामुळे आपल्याला एक सवयही जडली आहे. कारकुनाची गोष्ट म्हटली की, आपण हसण्याच्या तयारीने बसतो. त्याचा भित्रेपणा, त्याचे साहेबापुढचे चाचरणे, त्याची काटकसर हे सारे आपण त्याच्या स्वभावाचे विशेष म्हणून पाहतो. टीकेच्या परिभाषेत सांगायचे तर आपण पात्र वाचतो, कथानक वाचत नाही. या माणसाला असा कोणी घडवला, हा प्रश्न आपल्या मनात येतच नाही.

२

निकोलाय गोगोल या रशियन लेखकाची ‘ओव्हरकोट’ ही कथा १८४२ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक अकाकी अकाकियेविच हा पीटर्सबर्गच्या एका सरकारी खात्यातला नकलनवीस. वर्षाचा पगार चारशे रूबल. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांच्या नकला केल्या. त्याचा जुना कोट विरून चाळण झाला, शिंप्याने तो दुरुस्त करायचे नाकारले आणि नवाच शिवायला सांगितले; त्याला ऐंशी रूबल तरी पडणार होते. ते जमवण्यासाठी त्याने संध्याकाळचा चहा सोडला, रात्री मेणबत्ती लावायचे सोडले, बुटांचे तळवे झिजू नयेत म्हणून तो रस्त्याने चवड्यांवर चालू लागला. कोट तयार झाला आणि अंगावर घातला त्याच रात्री चोरांनी तो हिसकावून नेला. दाद मागायला तो एका बड्या अधिकाऱ्याकडे गेला. त्याने त्याला असे काही फैलावर घेतले की, बिचाऱ्याला उभे राहवेना. तो कसाबसा बाहेर पडला, हिमवादळात सापडला, तापाने फणफणला आणि मेला.

ही कथा बहुधा ‘एका गरीब, भोळ्या माणसाची करुण कहाणी’ म्हणून सांगितली जाते. ती करुण आहे खरीच. पण माझ्या वाचकांनी ती पुन्हा एकदा काढून वाचावी आणि एक गोष्ट पाहावी. अकाकीला त्याचे काम आवडते! काही अक्षरे तर त्याच्या विशेष लाडकी आहेत. ती आली की त्याचा चेहरा खुलतो. म्हणजे गोगोल काही कामाला दोष देत नाही. नकला करण्याचे काम कंटाळवाणे असते आणि कंटाळ्याने माणूस मरतो, असे त्याला म्हणायचे नाही. मग अकाकीला मारले कोणी? तरुण सहकारी त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे टाकतात आणि बर्फ पडला म्हणून हसतात. वरिष्ठ ते पाहतात आणि पाहिले न पाहिलेसे करतात. पगार इतका की थंडीला पुरेल असा कोट घेता येऊ नये. आणि दाद मागण्याची जी जागा, तिथेच अपमान. या तिन्ही गोष्टी अकाकीच्या स्वभावात नाहीत, त्या त्याच्या खात्याच्या व्यवस्थेत आहेत.

गोगोलचे खरे सामर्थ्य त्या बड्या अधिकाऱ्याच्या चित्रणात आहे. तो दुष्ट नाही. बरोबरीच्या माणसांत तो चांगला वागतो. पण नुकताच वर चढलेला असल्यामुळे आपल्या जागेचा मान कसा राखावा, हे त्याला कळत नाही. म्हणून तो दरारा शिकला आहे, त्याची आरशापुढे तालीमही केली आहे. अकाकीला तो झापतो तेव्हा खोलीत त्याचा एक जुना मित्र बसलेला असतो आणि आपला दरारा त्याला दिसावा, अशी त्याची इच्छा असते. पुढे त्याला पश्चात्ताप होतो, पण तोवर उशीर झालेला असतो. कचेरीला तर अकाकी मेल्याची बातमी काही दिवसांनी कळते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर नवा माणूस बसतो. नव्याचे अक्षर जरा तिरपे आहे, एवढाच काय तो फरक.

ओरडणारा साहेब हा स्वभावाने वाईट असतोच असे नाही. ओरडण्यावाचून मान राखता येत नाही, असे त्याला ज्या व्यवस्थेने शिकवले तिचा तो शिष्य असतो. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या कथेत मला हे स्पष्ट दिसते.

३

गोगोलनंतर अकरा वर्षांनी, १८५३ साली, अमेरिकेत हर्मन मेलव्हिलने ‘बार्टलबी’ ही कथा लिहिली. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका वकिलाची कचेरी आहे. तिच्या एका बाजूच्या खिडकीतून पांढरी भिंत दिसते, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून विटांची काळवंडलेली भिंत. बार्टलबी नावाचा एक फिकट, अबोल तरुण इथे नकलनवीस म्हणून लागतो. वकील त्याला आपल्याच खोलीत, भिंतीला भिडलेल्या एका लहान खिडकीपाशी बसवतो आणि मध्ये हिरवा पडदा उभा करतो. म्हणजे हाक मारली की माणूस हजर, आणि एरव्ही डोळ्यांआड. सुरुवातीला बार्टलबी भुकेल्यासारखा रात्रंदिवस लिहितो. मग एके दिवशी, केलेली नक्कल ताडून पाहण्याच्या कामाला तो शांतपणे नकार देतो. न रागावता, न ओरडता. पुढे तो नकला करणेही थांबवतो, नंतर जागचा हलतही नाही. शेवटी वकीलच कचेरी दुसरीकडे नेतो. बार्टलबीला तुरुंगात नेतात आणि तिथे तो अन्नावाचून प्राण सोडतो.

या कथेचे असंख्य अर्थ लावले गेले आहेत. मला इथे फक्त तो वकील पाहायचा आहे, कारण कथा तोच सांगतो. साठीकडे झुकलेला, सुखवस्तू, सज्जन माणूस. तो बार्टलबीवर दया करतो, त्याला पैसे देऊ करतो, प्रसंगी ‘माझ्या घरी चल’ असेही म्हणतो. त्याला काढून टाकण्याचे त्याच्या जिवावर येते. या मुलाच्या आत्म्यालाच काही व्याधी जडली असावी, असा त्याचा निष्कर्ष आहे. पण सबंध कथेत तो एक गोष्ट करीत नाही. तो पडदा काढीत नाही. टेबल भिंतीपासून हलवीत नाही. काम बदलून पाहावे, माणसांत बसवून पाहावे, हे त्याला योग्य वेळी सुचत नाही. त्याच्या दयेला सीमा नाही, पण ती टेबलापर्यंत कधी पोचत नाही.

हे लिहिताना माझा हात किंचित अडखळतो, कारण तो वकील मी ओळखतो. माझ्या नोकरीच्या काळात एका कचेरीत – तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही – माझ्या हाताखाली एक वयस्क गृहस्थ होते. वीस वर्षे ज्यांच्या आकडेमोडीत चूक सापडली नाही, त्यांच्या चुका होऊ लागल्या. आवक-जावकची नोंद राहून जाई, एकाचे पत्र दुसऱ्याच्या पाकिटात जाई. हात थरथरू लागले. मी त्यांना बाजूला घेतले आणि आपुलकीने म्हणालो, “अहो, तुम्ही फार मनाला लावून घेता. सकाळी जरा फिरायला जात जा. प्राणायाम करा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, “साहेब, फिरायला जातोच मी. पण फिरून परत याच टेबलाशी बसायचं ना?”

तेव्हा मला ते उत्तर उद्धटपणाचे वाटले. वस्तुतः त्यांच्या शेजारच्या दोन जागा दीड वर्ष रिकाम्या होत्या आणि त्या दोघांचे काम यांच्याच टेबलावर येऊन पडले होते. वरचे साहेब त्यांना शिपायादेखत उभे करून बोलत. हे सारे मला ठाऊक होते. नव्या माणसांसाठी मी एक टिपण पाठवले होते आणि उत्तर न आल्यावर ते विसरून गेलो होतो. पुढे त्यांनी मुदतीपूर्वीच निवृत्ती पत्करली. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ देऊन मी भाषण केले आणि त्यांच्या सोशिकपणाची मुक्तकंठाने स्तुती केली. टाळ्या पडल्या. आज ते भाषण आठवले की मान खाली जाते. मी पात्राचे उत्तम रसग्रहण केले होते; कथानक वाचलेच नव्हते.

४

चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ हा चित्रपट १९३६ सालचा. त्यातला कामगार सरकत्या पट्ट्यावरून येणारे नट दिवसभर आवळतो. मालक आपल्या खोलीत बसून पट्ट्याचा वेग वाढवण्याचे हुकूम सोडतो. कामगार मोरीत जाऊन क्षणभर विडी ओढू लागला तर भिंतीवरच्या पडद्यावर मालकाचा चेहरा उमटतो आणि त्याला कामावर हाकलतो. जेवणाची सुटी वाचावी म्हणून माणसाला घास भरवणारे यंत्रही त्याच्यावर चालवून पाहतात. शेवटी त्याचे डोके फिरते. पाना हातात घेऊन, जे जे नटासारखे दिसेल ते ते आवळत तो सुटतो आणि आपण पोट धरून हसतो.

पण हसू ओसरल्यावर पुढचा लहानसा प्रसंग पाहावा. इस्पितळातून बरा होऊन तो बाहेर पडताना डॉक्टर त्याला सांगतो की, बेताने घे, डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. आणि तो दारातून बाहेर येतो तो थेट गाड्यांच्या, भोंग्यांच्या, गर्दीच्या कोलाहलात. नोकरी गेलेली. थोड्याच वेळात तो पोलिसांच्या हाती सापडतो. सल्ला चुकीचा नव्हता. तो चुकीच्या माणसाला दिलेला होता. बेताने घेण्याचा सल्ला पट्ट्याचा वेग ठरवणाऱ्याला द्यायला हवा होता.

आज मोठमोठ्या कचेऱ्यांतून ‘कर्मचारी कल्याणा’चे कार्यक्रम होतात. योगासने असतात, हास्यवर्ग असतात, मनाला शांत कसे ठेवावे यावर व्याख्याने असतात. ते वाईट आहेत, असे मी म्हणणार नाही. गरज पडेल त्याने समुपदेशकाकडे जरूर जावे. त्यात कमीपणा नाही. पण कामाचा वेग तोच, माणसे तितकीच, रात्रीचा फोन तसाच. आणि वर एक तास शवासन! ही चॅप्लिनच्या डॉक्टरची परंपरा झाली.

हा केवळ एका टीकाकाराचा तर्क नव्हे. लंडनमधील सरकारी नोकरांची एक दीर्घ पाहणी १९६७ साली सुरू झाली. सुमारे अठरा हजार पुरुष नोकर तीत होते. सगळेच एका सरकारचे, कायम नोकरीचे, उपाशी कोणीच नाही. तरीही दहा वर्षांच्या हिशेबात असे आढळले की, सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-हमालांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरूनही ही तफावत पुरती उलगडेना. १९८५ साली दुसरी पाहणी सुरू झाली, तिच्यात दहा हजारांवर स्त्री-पुरुष घेतले. तिच्यातून मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्याला स्वतःच्या कामाविषयी काही ठरवण्याची मुभा नसते त्याला हृदयविकाराचा धोका अधिक असतो. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली हेच वेगळ्या वाटेने मांडले होते: नुसते जास्त काम माणसाला मोडत नाही, जास्त काम आणि हाती काहीच अधिकार नाही, ही जोडी मोडते. सामान्य समज असा की, ताण असतो तो मोठ्या साहेबाला. हिशेब सांगतो की, तो साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेल्याला अधिक असतो.

५

या साऱ्या गोष्टींना आता शास्त्रात ‘मनोसामाजिक धोके’ असे नाव आहे. शब्द जड आहे, अर्थ घरगुती आहे. न झेपणारे काम, कोणाचे ऐकावे ते न कळणे, हाती अधिकार नसणे, एकटे पाडले जाणे, छळ, अपमान, केल्या कामाची कदर नसणे, उद्या नोकरी राहील की नाही ही धास्ती, घर आणि काम यांची ओढाताण, असे त्यांचे स्वरूप. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ साली ‘आयएसओ ४५००३’ ही मार्गदर्शिका काढली ती याच विषयावर. मी ती टीकाकाराच्या सवयीने वाचली. गद्य रूक्ष आहे, पण तिची मांडणी मला मार्मिक वाटली. धोके कुठे शोधावेत याचे तीन विभाग तिने केले आहेत: कामाची रचना, कामावरची माणसामाणसांतली नाती, आणि भोवतालची जागा व साधने. माणसाचा स्वभाव हा त्यांतला विभाग नव्हे! आधी धोका ओळखा, तो मुळातच काढता येतो का पाहा, नाही तर कमी करा, आणि हे करताना काम करणाऱ्यांना विचारा, असा तिचा क्रम आहे. यंत्राच्या उघड्या पट्ट्यावर जाळी बसवण्याचा जो न्याय, तोच मनाला लावलेला आहे. कामगाराला ‘हात सांभाळ’ म्हणून सांगणे हे जाळीला पर्याय होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली कामाने येणाऱ्या ‘बर्नआउट’ या अवस्थेची नोंद केली तेव्हा तिला रोग म्हटले नाही. नोकरीधंद्याशी निगडित घटना म्हटले. शब्दांची ही निवड सहज झालेली नाही.

कथानकावर प्रत्यक्ष खटला भरला गेल्याचे उदाहरण फ्रान्समध्ये घडले. फ्रान्स टेलिकॉम या दूरध्वनी कंपनीला २००६ नंतरच्या तीन वर्षांत बावीस हजार माणसे कमी करायची होती. बहुतेकांना कायद्याने काढता येत नव्हते. मग त्यांनी आपण होऊन जावे, असे वातावरण तयार करण्यात आले: वारंवार बदल्या, अपमानकारक कामे, वरिष्ठांवर आकड्यांचा दाब. अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांना ‘संस्थात्मक छळा’साठी दोषी ठरवले आणि २०२५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कोणत्या साहेबाने कोणत्या नोकराला काय म्हटले, एवढ्यापुरता हा खटला नव्हता. माणसे मोडतील अशी कामाची रचना मुद्दाम करणे हाच गुन्हा ठरला.

आपल्याकडेही एका बाबतीत हे तत्त्व मान्य झाले आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा निर्णयात दंडक घालून दिले आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात तिथे तक्रार समिती नेमणे ही मालकाची जबाबदारी ठरली. ‘तिने जरा सांभाळून राहावे’ हा जुना सल्ला कायद्याने तरी मोडीत काढला.

इथे एखादे वडीलधारे वाचक म्हणतील, “आमच्या वेळी काय कामे नव्हती? हल्लीची पोरेच नाजूक.” त्यांना मी आदराने एक आठवण देतो. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची हक्काची सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणीवाल्यांपुढे ही मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवार मिळाला. कामगार काही त्या वर्षी एकदम नाजूक झाले नव्हते. जे सोसत होते त्याला नाव देणारा माणूस त्यांना भेटला, इतकेच. आज आपण रविवारी दुपारी पुरणपोळी खाऊन वामकुक्षी करतो ती त्यांच्या कृपेने.

६

अकिरा कुरोसावाच्या ‘इकिरू’ (१९५२) या जपानी चित्रपटाचा नायक वातानाबे हा नगरपालिकेतला विभागप्रमुख. जवळजवळ तीस वर्षांत एक दिवसही गैरहजर नाही. गटाराच्या डबक्यापायी हैराण झालेल्या बायका अर्ज घेऊन येतात आणि त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवले जाते. वातानाबेला पोटाचा कर्करोग होतो तेव्हा त्याला कळते की, आपण जगलोच नाही. त्याच्या कचेरीतली एक तरुण मुलगी नोकरी सोडून कारखान्यात खेळण्यातले ससे करू लागते. काम कष्टाचे, तेच ते. पण ती आनंदात आहे, कारण जपानमधल्या प्रत्येक लहान मुलाशी आपली मैत्री झाल्यासारखे तिला वाटते. तिच्याकडून धडा घेऊन वातानाबे त्या बायकांसाठी बाग उभी करतो आणि मरतो.

चित्रपट इथे संपत नाही, यातच कुरोसावाची थोरवी आहे. वातानाबेच्या मृत्यूनंतर त्याच्या घरी जमलेले सहकारी दारूच्या भरात आणाभाका घेतात: आपणही असेच काम करू! आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नवा अर्ज येतो तेव्हा तो पूर्वीसारखाच दुसऱ्या टेबलाकडे धाडला जातो. एक जण उठून उभा राहतो, सगळ्यांकडे पाहतो आणि पुन्हा फायलींच्या ढिगाआड बसतो. माणसे वाईट नव्हती. टेबलांची रचना तीच राहिली होती.

आमच्या साहित्याकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? गिरणगावाने आम्हाला पुष्कळ दिले. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ ही कादंबरी लिहिली. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या नारायण सुर्व्यांनी १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ दिले आणि श्रमणाऱ्या माणसाला कवितेत ताठ मानेने आणले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एका कामगार कुटुंबाचे काय झाले ते दाखवले, काम गेल्यावर घरातले एकेक मन कसे वेगळ्या दिशेने मोडते, हे त्याहून जिवंतपणे दाखवणारे दुसरे नाटक मला आठवत नाही. भूक, घर, संप, बेकारी हे सारे आमच्या लेखकांनी पाहिले. पण कामाच्या आठ तासांत – आता ते बाराही असतात – खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनात काय होते, तिथे आमची लेखणी क्वचितच गेली. गेली तर बहुधा विनोदाचे बोट धरून. आज पुण्या-मुंबईत काचेच्या उंच इमारतींत रात्रभर दिवे जळत असतात. परदेशातल्या घड्याळावर जगणारी, दुचाकीवरून मिनिटांच्या हिशेबात जेवण पोचवणारी, दर तिमाहीला गुण मोजून घेणारी मुले आमचीच आहेत. त्यांच्या साहेबाला चेहरा नाही, तो फोनच्या पडद्यावर आकडा होऊन येतो. चॅप्लिनने हे थट्टेत रंगवले होते. त्यांचा अकाकी, त्यांचा बार्टलबी मराठीत अजून लिहिला जायचा आहे.

तो लिहिला जाईल तेव्हा तो वाचता यावा, म्हणून वाचकांनी आतापासून तयारी ठेवावी. कथेतला माणूस खचलेला दिसला की, त्याचा स्वभाव तपासण्याआधी त्याचे टेबल कुठे आहे, शेजारच्या खुर्च्या रिकाम्या का आहेत, त्याला बोलतो कोण आणि तो दाद कुठे मागतो, हे पाहावे. आणि ही वाचनाची सवय कथेपुरती ठेवू नये.

भाऊबीजेला माझा भाचा घरी येतो. तोही अशाच एका इमारतीत असतो. दरवर्षी मी त्याला ‘तब्येत सांभाळ रे, फार ताण घेऊ नकोस’ असे सांगत असे आणि तो मान डोलावीत असे. यंदा मी ते सांगणार नाही. त्याला जवळ बसवीन, लाडवाची ताटली पुढे सारीन आणि विचारीन, “तुझ्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं रे? की ती रिकामीच आहे?”